देखण्या घोड्याचें दुखणें

घोड्यांची स्पर्धा म्हटली कीं पुण्या-मुंबईकडील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें शर्यतीचें मैदान उभें राहतें. अमेरिकेंत मात्र घोड्यांच्या स्पर्धेचा एक निराळाच प्रकार फार लोकप्रिय आहे. त्यांत घोडा धांवत नाहीं, उडी घेत नाहीं, त्याच्या पाठीवर खोगीरहि चढत नाहीं. नुसत्या म्होरकीला धरून त्याला रिंगणांत आणावयाचें, थोडें चालवावयाचें आणि मग चारी पायांवर सरळ उभें करावयाचें, एवढेंच. परीक्षक त्याच्याभोंवतीं फिरून मान, खांदा, पाठ, पुठ्ठे आणि पाय न्याहाळतात, आणि ज्याची बांधणी त्यांच्या मनांतील आदर्शाच्या अधिक जवळ असेल त्याला पहिलें बक्षीस देतात. म्होरकीला इंग्रजींत हॉल्टर म्हणतात, म्हणून या स्पर्धेलाहि हॉल्टर हेंच नांव पडलें आहे. भोवरे, रंग आणि पायांवरील पांढरे पट्टे पाहून घोड्याची पारख करणारी जाणती माणसें महाराष्ट्रांतहि पूर्वीं होतीं. घोडा नुसता बघून त्याचें मोल ठरविण्याची हौस कांहीं एकाच देशाची नव्हे. पण अमेरिकेंत या हौसेभोंवतीं मोठा व्यापार उभा राहिला, आणि त्या व्यापाराच्या पोटांत एक रोग वाढत गेला. त्या रोगाची ही हकीकत आहे.

या स्पर्धांतून क्वार्टर हॉर्स जातीचे घोडे विशेष दिसतात. पाव मैलाच्या दौडींत ही जाति फार वेगवान, म्हणून तिला पाव या अर्थाचें हें नांव मिळालें. गुरें वळण्याच्या कामांतहि ती मोठी तरबेज आहे. १९४० सालीं टेक्सास संस्थानांत या जातीच्या वंशावळ्या नोंदविणारा अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन हा संघ स्थापन झाला, आणि आज त्याच्या नोंदवहींत नांव असल्याशिवाय त्या घोड्याला बाजारांत खरी किंमत येत नाहीं. १९६९ सालीं या जातींत इम्प्रेसिव्ह नांवाचा एक तांबूस घोडा जन्मास आला. पाहणाऱ्यावर छाप पाडणारा असा त्या नांवाचा अर्थ, आणि नांव ठेवणाऱ्याची निवड अचूक ठरली. १९७४ सालीं हॉल्टर स्पर्धेंत तो जगज्जेता झाला. त्याचे पुठ्ठे आणि मांड्या अशा भरदार होत्या कीं एकेक स्नायु वेगळा मोजून घ्यावा. मग काय, दूरदूरच्या मालकांनीं आपल्या घोड्या त्याच्याकडे पाठविण्यास प्रारंभ केला. त्याच्या पोटीं दोन हजारांहून अधिक शिंगरें झालीं. त्यांतील पुष्कळ स्वतः पुढें पैदाशीला लावलीं गेलीं. आणि नातवंडें-पतवंडें धरून त्याच्या वंशाची गणती कांहीं दशकांत लाखाच्या घरांत जाऊन पोहोंचली. ज्या शिंगराच्या कागदावर इम्प्रेसिव्हचें नांव, त्याला गिऱ्हाईक ठरलेलें.

या वंशांतील कांहीं घोड्यांना एक विलक्षण दुखणें जडलेलें आढळूं लागलें. घोडा दोन-तीन वर्षांचा, अंगानें भरलेला, चंदी-वैरण नीट खाणारा. स्पर्धेसाठीं त्याला गाडींत घालून परगांवीं नेलेलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मोतद्दार खरारा करावयास जातो, तों घोड्याच्या डोळ्याच्या कोंपऱ्यांतील तिसरी पापणी वर सरकून तिनें अर्धा डोळा झांकलेला. खांद्यावर आणि कुशीवर कातडीखालीं बारीक थरथर चाललेली, जणूं आंतून किडे वळवळत आहेत. घाम सुटतो. तोंडाचे स्नायु आखडतात. मग मागचे पाय लटपटूं लागतात आणि घोडा कुत्र्यासारखा मागें बसतो, नाहीं तर सरळ आडवा होतो. या सगळ्या वेळांत त्याची शुद्ध हरपत नाहीं. आजूबाजूला काय चाललें आहे हें त्याला कळतें, पण हजार पौंडांच्या त्या धुडाला उठून उभें राहतां येत नाहीं. पंधरा मिनिटांनीं, कधीं तासाभरानें, तो उठतो, अंग झाडतो आणि कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत दाण्यासाठीं पाय आपटूं लागतो. क्वचित् मात्र तो उठत नाहीं. हृदयाची किंवा श्वासाची क्रिया थांबून तेथल्या तेथें त्याचा अंत होतो, आणि आदल्या दिवशीं ज्याचें कौतुक चाललें होतें असें हें जनावर कां मेलें, याचें उत्तर कोणाजवळच नसतें.

मालक बिचारा काय समजणार? घोडा घाम गाळीत आडवा पडला कीं पहिला तर्क पोटशुळाचा. त्यावरचीं औषधें देऊन होतात, घोडा थोड्या वेळानें आपोआप उठतो, आणि गुण आल्याचें श्रेय औषधाला जातें. दुसरा तर्क सोमवारच्या रोगाचा. हा रोग गाडीच्या घोड्यांच्या काळापासून प्रसिद्ध आहे: रविवारीं विश्रांति आणि पोटभर दाणा, आणि सोमवारीं कामाला जुंपतांच मागचे स्नायु लाकडासारखे ताठ. पण त्या रोगांत लघवी काळपट होते, रक्तांत स्नायूंतील द्रव्यें भराभर वाढतात, आणि झटका येतो तो श्रमानंतर. येथें यांतलें कांहींच नव्हतें. श्रमाशीं या झटक्याचा विशेष संबंधच दिसत नव्हता. उलट प्रवास, थंडी, उपास, वैरणींत एकदम केलेला बदल, असें कांहींतरी निमित्त आधीं घडलेलें असे. तिसरा तर्क सर्वांत सोपा आणि सर्वांत अन्यायाचा. घोडा खोडकर आहे, रिंगणांत जावयास नको म्हणून ढोंग करतो, असें म्हणून त्याला चाबूक दाखवावयाचा. मुक्या जनावराच्या रोगाला खोड म्हणण्याची ही संवय सर्व देशांतील घोडेवाल्यांना सारखीच आहे.

पशुवैद्यांचीहि या कामीं मोठी फसगत होत असे. निरोप जाऊन वैद्य येईपर्यंत झटका ओसरलेला असे. त्यानें छाती ऐकावी, ताप पाहावा, रक्त तपासावयास न्यावें. सर्व कांहीं ठीक. दोन झटक्यांच्या मधल्या काळांत हा घोडा कोणत्याहि कसोटीला निरोगीच उतरतो. आणि झटका चालू असतांना रक्त घेतलें, तरी त्यांत आणखी एक मेख होती. या रोगांत रक्तांतील पोटॅशियम हा क्षार वाढतो. निरोगी घोड्याच्या एक लिटर रक्तद्रवांत तो साधारणतः ३ ते ५ मिलिमोल असतो. झटक्यांत तो ६ वर, ८ वर, कधीं त्याच्याहि पुढें जातो. परंतु काढलेलें रक्त कुपींत तसेंच बराच वेळ राहिलें, तर रक्तपेशींतील पोटॅशियम झिरपून बाहेर येतें आणि निरोगी घोड्याच्याहि रक्तांत तें वाढलेलें दिसतें. अशा रीतीनें एक नमुना झटका संपल्यावर घेतला म्हणून निर्दोष ठरे, आणि दुसरा सदोष दिसला तर प्रयोगशाळेची चूक म्हणून बाजूला पडे. रोग समोर असून सांपडत नव्हता तो असा.

१९८५ सालीं अमेरिकेंतील अश्ववैद्यांच्या वार्षिक संमेलनांत चार घोड्यांची हकीकत मांडण्यांत आली. चौघांनाहि मधून मधून अशक्तपणाचे झटके येत, आणि त्या वेळीं रक्तांतील पोटॅशियम वाढलेलें सांपडे. हें वर्णन मनुष्यांच्या एका दुर्मिळ आनुवंशिक रोगाशीं तंतोतंत जुळत होतें. स्वीडनमधील इन्ग्रिड गाम्स्टॉर्प या बालरोगतज्ज्ञ विदुषीनें १९५६ सालीं त्या मानवी रोगाचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें होतें. त्यांतहि हातपाय थोडा वेळ लुळे पडत आणि पुन्हां पूर्ववत् होत. घोड्याच्या दुखण्याचा उलगडा माणसाच्या रोगावरून व्हावा, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे, कारण एरवीं उपकाराचा हा ओघ बहुधा उलट दिशेनें वाहतो.

यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक महाविद्यालयांत शॅरन स्पायर आणि त्यांचे सहकारी यांनीं हें काम नेटानें हातीं घेतलें. त्या दिवसांत रोगाची खात्री करण्याची रीत भयंकर होती. संशयित घोड्याला मुद्दाम पोटॅशियमचा क्षार पाजावयाचा आणि झटका येतो कीं काय तें पाहावयाचें. परीक्षेंतच रोगी दगावण्याचा संभव! पण खरा धागा निघाला तो वंशावळींतून. रोगी घोड्यांच्या आई-बापांचीं, आजे-पणज्यांचीं नांवें मागें मागें नेलीं, तेव्हां सगळ्या वाटा एकाच घोड्यापाशीं येऊन थांबल्या. तो घोडा म्हणजे जगज्जेता इम्प्रेसिव्ह.

१९९१ च्या सुमारास मनुष्यांतील त्या रोगाचें मूळ एका विशिष्ट जनुकांत सांपडलें, आणि लगोलग १९९२ सालीं घोड्यांतहि त्याच जनुकांतील बिघाड उघडकीस आला. स्पायर आणि पिट्सबर्ग येथील एरिक हॉफमन यांच्या मंडळानें प्रसिद्ध केलेल्या त्या निबंधाच्या मथळ्यांतच, निवडक पैदाशीमुळें हा दोष जातींत पसरला, असें स्पष्ट नमूद केलेलें होतें. बिघाड केवढा? लांबलचक जनुकांत एका अक्षराचा. पण तें अक्षर फार मोक्याच्या जागीं बसलेलें आहे.

स्नायूच्या प्रत्येक तंतूला सोडियम आंत घेणारीं सूक्ष्म दारें असतात. मेंदूकडून हुकूम आला कीं हीं दारें क्षणभर उघडतात, सोडियम आंत शिरतें, स्नायु आकुंचन पावतो, आणि दारें ताबडतोब मिटतात. रोगी घोड्याच्या स्नायूंत, भोंवतालचें पोटॅशियम थोडेंसें वाढलें कीं यांतील कांहीं दारें मिटावयाचें विसरतात. सोडियम आंत ठिबकत राहतें. प्रथम त्यामुळें स्नायु उगाचच उत्तेजित होतो, म्हणून ती थरथर. आणि पुढें तो उत्तेजनाला दादच देईनासा होतो, म्हणून तो लुळेपणा. शिवाय या गोंधळांत स्नायूंतील पोटॅशियम बाहेर पडून रक्तांत मिसळतें आणि राहिलेलीं दारेंहि बिघडवितें. आग लागलेल्या गवताच्या गंजीसारखा हा प्रकार स्वतःच स्वतःला वाढवीत जातो. झटका नसतांनाहि या घोड्यांचे स्नायु आंतल्या आंत किंचित् चाळवलेले असतात, आणि त्यांच्या भरदार बांध्यालाहि या अखंड चाळवणीचाच हातभार लागत असावा, असें कित्येक तज्ज्ञ मानतात.

रोग मुळापासून बरा होत नाहीं. जनुक जन्माचा सोबती आहे. तरीपण कारण कळलें आणि उपचाराला दिशा मिळाली, आणि ती सांपडली पागेंतल्या गव्हाणींत. महाराष्ट्रांत घोड्यांना आणि गाईम्हशींना जो लसूणघास मोठ्या कौतुकानें घालतात, तोच अमेरिकेंतहि उंची चारा समजला जातो. प्रदर्शनाचा घोडा म्हणजे त्याला लसूणघास हवाच. परंतु लसूणघासांत पोटॅशियम भरपूर असतें. उसाच्या मळींत तें असतें, आणि दाणा गोड व चवदार व्हावा म्हणून तिकडे चंदींत मळी मिसळण्याची चाल आहे. सोयाबीनच्या पेंडींतहि तें कमी नसतें. म्हणजे मालक ज्या घोड्यावर सर्वांत अधिक खर्च करी, त्याच घोड्याच्या गव्हाणींत झटक्याचें साहित्य रोज पडत होतें. आतां अशा घोड्यांना उशिरा कापलेलें टिमथी गवत किंवा बर्म्युडा गवत वाळवून घालण्याचा सल्ला देतात. बर्म्युडा हें नांव ऐकून बिचकण्याचें कारण नाहीं; ती गणपतीला वाहतात तीच हराळी. दाण्यांत ओट, मका किंवा जव चालतो. एकूण चाऱ्यांत पोटॅशियमचें प्रमाण शेंकडा दीडाच्या खालीं, शक्य तर एकाच्या आसपास ठेवावें, तें दिवसांतून दोन-तीन वेळां विभागून द्यावें, आणि उपास कधीं घडूं देऊं नये. मोकळ्या कुरणांत चरणें या घोड्यांना मानवतें. हिरव्या गवतांत पाण्याचा अंश मोठा असल्यामुळें पोटॅशियम पोटांत जातें तें सावकाश, एकदम नव्हे. शिवाय दिवसभर कोंडून ठेवण्यापेक्षां नित्य थोडी हालचाल बरी. एवढ्यानें भागलें नाहीं तर ॲसेटाझोलामाइड नांवाचें औषध पशुवैद्य सुरू करतात; तें लघवीवाटे पोटॅशियम बाहेर टाकवितें.

झटक्याचा आरंभ ओळखतां आला तर मोतद्दारालाहि कांहीं करतां येतें. घोडा अजून पायांवर स्थिर असेल तर त्याला हळूं हळूं चालवावें. थोडे ओट किंवा मक्याचा गोड पाक चाटवावा. साखर रक्तांत गेली कीं शरीरांत इन्शुलिन वाढतें आणि तें पोटॅशियमला पुन्हां पेशींच्या आंत लोटतें. येथें एक धोका आहे तो सांगितला पाहिजे: गोड म्हणून मळी किंवा काकवी द्यावयाची नाहीं, कारण त्यांत साखरेबरोबर पोटॅशियमहि जातें आणि औषधाच्या जागीं विष पडतें. घोडा आडवा झाला असेल तर मात्र घरगुती उपायांचा नाद सोडून वैद्याला आणावें. शिरेवाटे कॅल्शियमचें किंवा द्राक्षशर्करेचें द्रावण देऊन तो पुष्कळदां प्राण वांचवूं शकतो. आणि कोणत्याहि कारणानें अशा घोड्याला भूल द्यावयाची असेल, तर रोगाची कल्पना वैद्याला आधीं दिलीच पाहिजे. भुलेखालीं झटका आला तर तो ओळखणें फार अवघड.

ज्याच्या घोड्याच्या झटक्यांचें कारण अद्याप कळलेलें नाहीं, त्या मालकालाहि या प्रकरणांतून एक रीत उचलतां येते. पागेंत एक वही टांगलेली असावी. झटका कोणत्या दिवशीं, किती वाजतां आला, आदल्या दोन दिवसांत चाऱ्याची नवी गंजी फोडली होती काय, प्रवास घडला होता काय, थंडी पडली होती काय, डोळा आणि कातडी कशी दिसली, किती मिनिटांनीं घोडा उठला, हें सर्व त्याच दिवशीं लिहावें. वैद्याला जें कधींच पाहावयास मिळत नाहीं, तें ही वही त्याला दाखविते. झटका चालू असतांना घेतलेलें आणि लगेच वेगळें केलेलें रक्त मिळालें तर सोन्याहून पिवळें. अर्थात् अमेरिकेंतील हा विशिष्ट रोग इम्प्रेसिव्हच्या वंशापुरताच, म्हणजे क्वार्टर हॉर्स आणि त्या रक्ताचे पेंट, ॲपलूसा वगैरे घोडे, यांच्यापुरताच आहे. पुण्या-मुंबईच्या शर्यतींत धांवणारे घोडे थरोब्रेड जातीचे. त्यांच्यांतील एखादा असा कोसळला तर कारण दुसरीकडे शोधावें लागेल.

येथपर्यंतची हकीकत शास्त्राच्या विजयाची झाली. पुढची तितकी सुखाची नाहीं. १९९२ नंतर रोग्याची ओळख पटविणें अगदीं सोपें झालें होतें. आयाळीचे मुळासकट उपटलेले थोडे केस प्रयोगशाळेकडे पाठवावे, कीं उत्तर येतें. निर्दोष जनुकाला इंग्रजी एन् आणि सदोषाला एच् अशीं अक्षरें ठरलेलीं आहेत. प्रत्येक घोड्याला आईकडून एक आणि बापाकडून एक असें जनुक मिळतें. त्यामुळें घोडा एन्-एन्, एन्-एच् किंवा एच्-एच् असा तीन प्रकारचा असूं शकतो. एन्-एच् घोड्याचा निरोगी घोडीशीं संबंध केला तर सरासरीनें निम्म्या शिंगरांत दोष उतरतो, आणि एन्-एन् घोड्यापासून तो कधींच उतरत नाहीं. म्हणजे सदोष घोडे पैदाशीला लावलेच नाहींत, तर एका पिढींत रोगाचें नांव पुसलें जाईल. इतका सोपा हिशेब असतां तो रोग नाहींसा कां झाला नाहीं?

कारण तेच घोडे बक्षिसें मिळवीत होते. १९९४ सालीं कॅनडांतील नेलर या पशुवैद्यानें प्रदर्शनांच्या निकालांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि परीक्षकांची पसंती रोगी घोड्यांकडे झुकते असें त्यांत दाखविलें. परीक्षकांनीं जाणूनबुजून रोग निवडला असें नव्हे. त्यांनीं स्नायु निवडले, आणि स्नायूंच्या पाठोपाठ एच् अक्षर आलें. शिवाय एन्-एच् घोड्यांपैकीं पुष्कळांना जन्मांत एकहि झटका येत नाहीं. अशा मालकाला, तुझा पदक जिंकलेला घोडा सदोष आहे, त्याची पैदास थांबव, असें सांगितलें तर तो घोड्याकडे बोट दाखवून विचारतो, कीं दोष आहे कोठें? ज्याच्या पागेचें सारें वैभव या एका रक्तावर उभारलेलें, त्यानें केस उपटून पाकिटांत घालण्याची घाई करावी तरी कशी? त्याचें नुकसान खरें होतें, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं. पण विकत घेणाऱ्याचें काय? तो कागदावरचें नांव वाचून पैसे मोजी, घोड्याला घरीं आणून हौसेनें लसूणघास घाली, आणि एके दिवशीं आपलें मूल त्या घोड्याच्या पाठीवर बसलें असतां घोडा कोसळलेला पाही. दुखण्याचा उलगडा न होणें ही एक आपत्ति. उलगडा झालेला असून तो दडविला जाणें ही दुसरी, आणि ती माणसांनीं निर्माण केलेली.

संघाला पावलें उचलावीं लागलीं, पण तीं सावकाश पडलीं. १९९६ सालीं त्यानें या रोगाची गणना आनुवंशिक दोषांत केली. १९९८ पासून इम्प्रेसिव्हच्या वंशांत जन्मलेल्या शिंगरांच्या नोंदणीच्या कागदावर रोगाविषयीं सूचना छापली जाऊं लागली. २००७ च्या पहिल्या तारखेपासून जन्मलेल्या त्या वंशांतील प्रत्येक शिंगराची परीक्षा सक्तीची झाली, आणि एच्-एच् निघालेल्या शिंगराला नोंदवहीचें दार बंद झालें. असें शिंगरूं पाहिलें म्हणजे या नियमाला इतका उशीर कां लागला याचें नवल वाटतें. दोन्हीं बाजूंनीं दोष आलेल्या या शिंगरांच्या घशाचे स्नायुहि नीट चालत नाहींत. श्वास घेतांना घरघर होते, दूध गिळतांना ठसका लागतो, आणि झटके लवकर व जोराचे येतात. २०१५ पासून पैदाशीला लावावयाच्या प्रत्येक नर घोड्याची, तो कोणत्याहि वंशाचा असो, पांच आनुवंशिक रोगांसाठीं परीक्षा झालीच पाहिजे असाहि नियम आला.

एन्-एच् घोड्याला मात्र नोंदवहींत आजहि जागा आहे. तो रिंगणांत उभा राहतो, बक्षीस घेतो आणि पैदाशीलाहि लागतो. नियम एवढाच कीं त्याचें अक्षर कागदावर लिहिलेलें असावें. इम्प्रेसिव्ह स्वतः १९९५ सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं मेला. त्याच्या वंशांतील घोडा विकत घेणारा जाणता माणूस आतां आधीं घोड्याचे पुठ्ठे पाहत नाहीं. तो नोंदणीचा कागद मागतो, त्यांतील दोन अक्षरें वाचतो आणि मग गव्हाणींत काय घातलें आहे तें वाकून पाहतो.